दहा ग्रॅम

पहिल्या सत्रात आम्ही साबण कापले.
स्वस्तातल्या हिरव्या वड्या, दहा नंबरचं पातं,
पापुद्रा कांद्याच्या सालीइतका पातळ निघायला हवा,
तुटला की पुन्हा पहिल्यापासून.
माझ्या खिडकीत अजून पडल्यात त्या,
प्रत्येकीला एकेक खळगा.

आई फोनवर विचारते,
विम्याची बरी नोकरी सोडून चाळिशीत दुसरी पदवी,
ती कशाची, तर लोकांची नखं कापायची?
मी म्हणते, आई, एका पायात सव्वीस हाडं असतात.
ती म्हणते, माझी सगळी दुखतात,
त्यात शिकायचं काय?

मंगळवारी क्लिनिकला एम्लिन प्रॉसर आले.
अ‍ॅबरडेरचे, वय चौऱ्याहत्तर, साखर एकोणीस वर्षं,
त्याआधी चौतीस वर्षं पोस्टमन.
मोजे काढले, पाकिटासारखे घडी घातले,
आणि पायांबद्दल माफी मागितली,
जणू ते कुणा दुसऱ्याचे, उगाच सोबत आलेले.

मी बुटक्या स्टुलावर, त्यांच्या टाचांच्या उंचीला.
हातात नायलॉनचा एक धागा:
दहा ग्रॅमचा दाब पडला की तो वाकतो,
त्याहून जास्त त्याला काही येत नाही.
डोळे मिटा, म्हटलं. जाणवलं की हो म्हणा.
हो, म्हणाले.
हो.
हो.
इतकं ठेक्यात, की मला शंका आली.
पुढच्या वेळी हात हवेतच थांबवला.
हो, म्हणाले.

मागे नेरिस प्रोबर्टबाईंच्या पेनची टिकटिक बंद झाली.

पुन्हा सुरू केलं, आता ठेका मोडून.
अंगठा. काही नाही.
चवड्याचा फुगवटा. काही नाही.
करंगळीखाली, बऱ्याच वेळाने, एक बारीक हो,
जरा विचारल्यासारखा.
डोळे उघडून म्हणाले,
तुझी परीक्षा आहे ना, पोरी?
म्हटलं, मार्क मिळू देत.

उजव्या चवड्याखाली जखम होती. त्यांना माहीत नव्हती.
लांबी अकरा मिलिमीटर, रुंदी आठ, खोली तीन.
विम्याच्या अर्जातही मी असंच लिहायचे,
भिंत, ओल, लांबी, रुंदी.
भिंतीला कधी हात लावला नव्हता.

बूट उपडा केला तर आतून
लाकडी कोड्याचा एक तुकडा पडला,
निळं आभाळ आणि अर्धी खिडकी.
प्रॉसर बराच वेळ बघत राहिले.
मेन्ना शोधतेय हा, म्हणाले, तीन आठवडे.
आधी मांजरावर आळ घेतला, मग माझ्यावर.
अख्खा किल्ला टेबलावर मांडलाय,
जेवतो आम्ही मांडीवर ताट घेऊन.

तीन आठवडे त्या तुकड्यावर चालत होते ते,
दुकानात, चॅपलला, बसच्या थांब्यापर्यंत.

कडेची कडक कातडी मी काढली. साबणापेक्षा ती मऊ होती,
आणि साबण असा बोलत नाही:
ते मला त्यांची फेरी सांगत होते, घर नंबर चारला कुत्रा,
अकराला म्हातारी, पत्र नसलं तरी दार उघडणारी.
मग घोट्यामागे डॉपलर टेकवला.
हूश्श, हूश्श, खोलीभर आवाज,
भाता चालावा तसा.
हे काय? मी म्हटलं, तुमचं रक्त.
ते ऐकत राहिले.
फेरीवर आहे म्हणायचा अजून, म्हणाले.

तुकडा घरी न्यायचा होता त्यांना.
जखमेतला तो; बाईंनी मान हलवली, पिवळी पिशवी.
टाकण्याआधी मी कागदावर त्याची कड आखली,
हातमोज्याच्या हाताने, वेडीवाकडी,
आणि कागद त्यांच्या कोटाच्या खिशात ठेवला.

पुढच्या मंगळवारी जखम नऊ मिलिमीटर.
मेन्नाने कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यातून तुकडा कापलाय म्हणे,
निळा जरा गडद झालाय,
दुरून कळत नाही.
जेवण पुन्हा टेबलावर? मी विचारलं.
छे, म्हणाले, आता दुसरा किल्ला.

डोळे मिटले त्यांनी.
मी धागा उचलला, हवेत थांबवला.
ते काही बोलले नाहीत.
मी अजून थांबले.
कपाळाला आठी, ओठ घट्ट,
सगळं लक्ष खाली, त्या दूरच्या गावाकडे,
आणि तोंडातून हो नाही.